सुट्टीतल्या पोरांसाठी साली, गूळ आणि गळकी बादली

सुट्टी लागली की मुलांसाठीच्या पर्यावरणपूरक उपक्रमांच्या याद्या मोबाइलवर फिरायला लागतात. त्यातलं निम्मं मला पटत नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीला रंग फासायचा, वर चमकी चिकटवायची, झाला पेनस्टँड! महिनाभरात तो कचऱ्यात जातो. त्यासाठी दुकानातून रंग, डिंक, चमकी असं नवं सामान आणलेलं असतं ते वेगळंच. माझा हिशेब सरळ आहे. जे टाकून देणार होतो त्यातूनच करायचं, आणि झालेली वस्तू घरात वापरात आली पाहिजे. आपण केलेलं कामाला येतंय हे दिसलं की पोरं पुढच्या वेळी आपणहून सुरुवात करतात.

कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमच्या घरी मे महिन्यात भाचरं आणि गल्लीतली पोरं मिळून चांगला गोतावळा जमतो. त्यांना मी आधी उसाच्या रसाच्या गाड्यावर पिटाळते. रस प्यायचा आणि येताना दोन पिशव्या भरून आणायच्या, एकीत पिळलेल्या लिंबांच्या साली, दुसरीत चिपाडं. गाडेवाले मामा हसून देतात. त्यांना तो ढीग हलवायचाच असतो.

सालींपासून फरशी पुसायचं पाणी करायचं. हल्ली त्याला बायोएन्झाइम म्हणतात. प्रमाण १, ३ आणि १०. म्हणजे १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साली, १ लिटर पाणी. गूळ चांगला पिवळाधमक नको, तो पोळीबरोबर खायला राहू दे. डब्याच्या तळाशी काळपट पडलेला, पाझरलेला गूळ यासाठी उत्तम. आधी पाण्यात गूळ विरघळवायचा, मग साली बारीक करून घालायच्या. बाटली कोल्ड्रिंकची २ लिटरची घ्या, काचेची अजिबात नको, कारण आत गॅस धरतो आणि काच फुटू शकते. वरची जागा रिकामी सोडायची. बाटलीवर तारीख पोरांच्या हातानंच लिहून घ्यायची.

यातलं पोरांचं खरं काम पुढे आहे. पहिला महिनाभर रोज एकदा झाकण हळूच सैल करून गॅस सोडायचा आणि पुन्हा घट्ट लावायचं. 'फुस्स' असा आवाज येतो, आणि तेवढ्यासाठी आमच्याकडे भांडणं लागतात, म्हणून पाळ्या लावून दिल्यात. सालींवर पांढरा पापुद्रा धरला तर घाबरू नका. बाटली हलवायची, साली पाण्यात बुडाल्या पाहिजेत. काळी बुरशी आणि कुजका वास आला तर मात्र ओतून टाका. ९० दिवस झाले की गाळायचं. मेच्या सुरुवातीला घातलेलं श्रावणात तयार होतं, म्हणजे गणपतीच्या आधीच्या साफसफाईला अगदी वेळेवर. बादलीभर पाण्यात अर्धी वाटी पुरते. हे आंबट असतं, त्यामुळे संगमरवरावर आणि शहाबादी फरशीवर वापरू नका, दगडाची चमक जाते. ब्लीचमध्ये तर चुकूनही मिसळायचं नाही. आणि बाटली लहानग्यांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, सरबतासारखी दिसते.

आंबट आहे हे कळायला चाटून बघायची गरज नाही. हळदीचा कागद करा. जुन्या वहीतली कोरी पानं काढायची, चमचाभर हळद थोड्या गरम पाण्यात कालवून त्यांना लावायची आणि सावलीत वाळवायची. कपडे धुण्याच्या पावडरीच्या पाण्यात कापूस बुडवून त्यावर लिहिलं की अक्षरं लालभडक उमटतात. वर लिंबू पिळलं की परत पिवळी. आमची पोरं मग घरभर फिरून ताक, सोडा, चुन्याची निवळी, सगळं तपासत सुटतात. दुपार निघते.

आता चिपाडं. कडबा कापावा तशी बोट-दोन बोट लांबीची कापायची (कोयता मोठ्यांनी धरायचा) आणि उन्हात कडकडीत वाळवायची. ओली घातली तर साखरेला मुंग्या लागतात. एक गळकी बादली घ्या, बुडाला आणि बाजूंना तापल्या खिळ्यानं भोकं पाडा, खाली जुनी परात ठेवा. तळाला चिपाडांचा किंवा वाळक्या पानांचा चार बोटं थर द्या. मग रोज भाजीची देठं, साली, चहाचा चोथा यातलं वाटीभर आणि वर दोन वाट्या वाळकं. सुरुवातीला मूठभर बागेतली माती आणि पळीभर आंबट ताक घाला, म्हणजे कुजायला लवकर लागतं. शिजवलेलं अन्न नको. रविवारच्या मटणाची हाडं तर मुळीच नकोत, नाहीतर गल्लीतली सगळी मांजरं वस्तीला येतील.

पोरांना यात आवडतं ते हात घालणं. बादली बऱ्यापैकी भरली असेल तर चार-पाच दिवसांत मधला भाग कोमट लागतो. धाकटा भाचा तर ओरडतच आला होता, "आत्या, बादलीला ताप आलाय की!" ताप आलाय म्हणजे काम चाललंय. ओल बघायची ती मुठीत दाबून. पाणी ठिबकलं तर वाळकं वाढवा, मूठ उघडल्यावर भुगा झाला तर पाण्याचा हबका मारा. घाण वास सुटला तर समजा ओलं जास्त झालंय; चिपाडं घालून काठीनं खालीवर करा. पांढऱ्या अळ्या दिसल्या तरी चालेल, त्या कुजवायलाच मदत करतात. भरलेली बादली दीड-दोन महिने झाकून ठेवली की मातीच्या वासाचं काळं खत मिळतं.

ते खत दसऱ्याच्या तोरणातल्या झेंडूला. तोरण वाळलं की फुलं फेकायची नाहीत. वाळकं फूल उकललं की पाकळ्यांच्या बुडाला काळ्या सुया दिसतात, तेच बी. कागदी पुडीत ठेवून पावसाच्या तोंडावर नारळाच्या करवंटीत पेरायचं. करवंटी डोळ्यांकडची घ्या. तीन डोळ्यांतला एक मऊ असतो, तो स्क्रूड्रायव्हरनं सहज फुटतो आणि पाणी निथळायला भोक आयतं मिळतं. रोप वीतभर झालं की कुंडीत हलवा.

पाऊस सुरू झाला की आमच्याकडे सगळ्यात रंगतो तो पर्जन्यमापक. सरळ अंगाची प्लॅस्टिकची बाटली गळ्याखाली कापायची आणि कापलेलं तोंड उलटं करून नरसाळ्यासारखं बसवायचं. तळ उंचसखल असतो, म्हणून खडे घालून ते बुडेपर्यंत पाणी ओतायचं आणि तिथं शून्याची रेघ मारून वर मोजपट्टी चिकटवायची. गच्चीत मोकळ्यावर ठेवा, भिंतीच्या आडोशाला नको. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. गच्चीचं माप घेऊन पोरांनाच गुणाकार करू द्या, आकडा बघून तोंडं उघडी पडतात.

पावसाचा आकडा रोज एका वहीत लिहायचा आणि शेजारी पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. पुराचा इशारा ३९ फुटांना, धोका ४३ ला, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ चे महापूर अजून कुणी विसरलेलं नाही. आठवडाभर लिहिलं की पोरं स्वतःच विचारतात, "आपल्या बाटलीत तर काहीच नाही, मग पंचगंगा कशी वाढली?" तेव्हा नकाशा काढायचा आणि गगनबावडा, राधानगरीकडचा पाऊस कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीतून आपल्यापर्यंत कसा येतो ते बोटानं दाखवायचं. राधानगरी धरणाचे ७ स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की मग त्यांना काही सांगावं लागत नाही. तीच आपल्याला सांगतात.

मोजणी रोज सकाळी साडेआठला करायची, हवामान खात्याची वेळही तीच. आकडा लिहिला की शून्याच्या रेघेपर्यंत पाणी ओतून टाकायचं. पाऊस उघडला की बाटली पूर्ण रिकामी करून पालथी घालायची, नाहीतर त्यात डास होतात.