शालेय मंत्रिमंडळ बिल्ल्यापुरतं राहू नये म्हणून काय करावं?

जून उजाडला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या शाळांत मंत्रिमंडळाच्या निवडणुकीची धांदल सुरू होते. कुठे चिठ्ठ्यांवर, कुठे मोबाईलच्या ॲपवर मतदान होतं, शपथविधी होतो, छातीवर बिल्ला लागतो. मुलं हरखून जातात. पण गणपती येईपर्यंत बिल्ला दप्तराच्या तळाशी गेलेला असतो, कारण शपथेनंतर मुलांच्या हाती काही कामच दिलेलं नसतं. आपण म्हटलं आणि शाळेत काहीतरी बदललं, हे एकदा दिसलं की मुलांना वेगळं प्रोत्साहन द्यावं लागत नाही. वर्षाची आखणी त्या हिशेबाने करावी.

आधी कामं ठरवा, मग खाती

निवडणुकीआधी शिक्षकांनी एकत्र बसून मुलं स्वतः करू शकतील अशी कामं काढावीत. अक्षर दासोहच्या (शाळेतल्या मध्यान्ह भोजन योजनेच्या) जेवणाआधी हात धुण्याची रांग, वाचनालयातली पुस्तकांची देवघेव, खेळाचं साहित्य, बाग, पावसात गळणाऱ्या वर्गांची नोंद. जेवढी कामं तेवढीच खाती. प्रत्येक मंत्र्यासोबत खालच्या वर्गातला एक उपमंत्री घ्या. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहिण्याचं किंवा शिक्षा करण्याचं काम कुठल्याही मुलाला देऊ नका. त्यातून तो पुढारी होत नाही, वर्गाचा नावडता मात्र होतो.

निवडणूक साधी ठेवा

उमेदवाराने दोन मिनिटांत एवढंच सांगावं: कोणतं काम करणार आणि कसं करणार. चॉकलेट वाटणं बंद. पहिला नंबर येतो म्हणून कुणाला बिनविरोध बसवू नका. निम्मी खाती मुलींकडे जातील हे पाहा, आणि ती फक्त रांगोळी-स्वागताची नकोत.

प्रत्येक मंत्र्याला एक वही द्या

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यावं. साधी शंभर पानी वही पुरते. पानावर चार रकाने आखून घ्या: तारीख, काय दिसलं, कुणाला सांगितलं, पुढे काय झालं. आरोग्यमंत्री मुलगी लिहील, ‘दोन नंबरचा नळ गळतो. मुख्याध्यापकांना सांगितलं.’ चौथा रकाना रिकामा राहिला, तर पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा विचारायला जायचं. आपलं काम तडीला नेण्याची सवय या रकान्यातून लागते.

शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी अर्धा तास बैठक घ्या. सभापती मुलगाच बैठक चालवेल. सरांनी किंवा बाईंनी मागे बसून तीनच प्रश्न विचारावेत: काय ठरलं होतं? काय झालं? कुठे अडलं? काम राहिलं असेल तर सगळ्यांदेखत रागावू नका. भात लावणीच्या दिवसांत खानापूरकडची कितीतरी पोरं घरच्यांसोबत शेतात असतात, त्यांचं काम उपमंत्र्याने सांभाळायचं.

मोठ्यांवरही एक बंधन हवं. मुलांच्या प्रत्येक मागणीला आठवड्याभरात उत्तर द्या. ‘नाही’ म्हणायचं असेल तर कारण सांगा. पैशांचा प्रश्न असेल तर एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत त्या मुलालाच बोलावून मांडायला सांगा.

शाळेबाहेरचं काम कन्नडमध्ये करायला शिकवा

शाळेसमोरच्या गटारीवर झाकण नाही, हा विषय ग्रामपंचायतीचा. तिथला कारभार कन्नडमध्ये चालतो. म्हणून मुलांनी आधी आपलं म्हणणं मराठीत चार ओळींत लिहावं: काय अडचण आहे, कुठे आहे, कुणाला त्रास होतो, काय हवं. मग कन्नडच्या शिक्षकांच्या मदतीने अर्ज तयार करावा. दोन प्रती काढून पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) द्यायच्या आणि एकीवर शिक्का मारून पोच घ्यायची. मराठी शाळेतल्या मुलाला कन्नडची भीती असते, ती अशा खऱ्या कामाने जितकी जाते तितकी पाठांतराने जात नाही, असं माझं ठाम मत आहे. आपली भाषा जपूनही पंचायतीत ठामपणे बोलता येतं, हे त्याला या वयातच कळलं पाहिजे. पंचायतीत मुलांची ग्रामसभा भरते, तेव्हा हीच पोच हातात घेऊन मुलांना उभं करा.

काही गावांत मराठी आणि कन्नड शाळा एकाच आवारात आहेत. तिथे नळ, मैदान, शौचालय दोन्ही शाळांचं एकच. महिन्यातून एकदा दोन्ही मंत्रिमंडळांची एकत्र बैठक घ्या आणि मैदानाच्या पाळ्या मुलांनाच ठरवू द्या. वाद होतील, होऊ द्यात, फक्त ठरलेलं दोन्ही वह्यांत लिहिलं गेलं पाहिजे.

कारभार वेळेवर सोपवा

हायस्कूलमध्ये दहावीच्या मुलांकडे डिसेंबरनंतर काम ठेवू नका, एसएसएलसी (दहावीची बोर्डाची परीक्षा) तोंडावर असते. नववीतल्या उपमंत्र्याकडे वही द्या. देताना मंत्र्याने शेवटच्या पानावर अपुरी कामं लिहावीत, दोघांनी सह्या कराव्यात, आणि नव्या मंत्र्याने पहिल्या बैठकीत तेच पान वाचून सुरुवात करावी.