टूलरूममध्ये शिकाऊ म्हणून: आधी काय, मग काय

मशीनिंग आणि टूलमेकिंग (डाय, साचे अशी उत्पादनाची हत्यारं बनवणं) शिकायला येणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात मशीनच असतं. लेथवर (तुकडा फिरवून कापणाऱ्या मशीनवर) कधी उभं करणार, सीएनसीला (संगणकाने चालणाऱ्या मशीनला) कधी हात लावू देणार, हे प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतात. त्यात गैर काही नाही. पण हात तसा लवकर बसतो. काही महिन्यांत कुणीही बऱ्यापैकी टर्निंग करायला लागतो. खरा वेळ लागतो तो कामाचा क्रम ठरवायला. कुठली बाजू आधी घ्यायची, जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, कुठे धरायचा, कुठलं भोक पोलाद कडक करण्याआधी मारायचं आणि कुठलं नंतर, हे ज्याला जमतं तो टूलमेकर. बाकीचे मशीन उत्तम चालवतात, पण ड्रॉइंग हातात आलं की दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतात.

सुरुवात कानशीने होते. मऊ पोलादाचा एक तुकडा व्हाइसमध्ये बांधून देतात आणि सांगतात, सहाही बाजू सपाट, एकमेकींशी गुण्यात (काटकोनात) आणि मापात आणा. दंड भरून येतात, कंटाळा येतो, आणि सीएनसीच्या जमान्यात हे कशाला असं हमखास वाटतं. तरीही हे काम टाळू नका. पहिली बाजू सपाट झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही, कारण दुसरी बाजू पहिलीवरूनच तपासायची असते. पहिलीत खोट राहिली की ती पुढच्या पाचही बाजूंत उतरते. डेटम, म्हणजे जिच्यावरून बाकी मापं घ्यायची ती बाजू, काय असते हे वर्गात फळ्यावर कळत नाही, इथे कळतं.

तपासण्याची रीत सोपी आहे. जॉबचा बर (कडेला उरलेली धारदार किनार) काढा, पुसून घ्या, गुण्याचा जाड भाग तयार बाजूला घट्ट टेकवा आणि पातं वरून हलकेच खाली येऊ द्या. मग दिव्याकडे धरून बघा. पात्याखालून उजेडाची रेघ कुठे दिसते? नवशिक्याच्या जॉबवर ती बहुधा दोन्ही टोकांना दिसते आणि मध्ये अंधार असतो, म्हणजे बाजूला पोट आलेलं असतं. कानस पुढे जाताना झोके खाते म्हणून असं होतं. स्ट्रोकच्या सुरुवातीला डाव्या हाताचा दाब जास्त, शेवटाकडे उजव्या हाताचा जास्त, आणि मागे येताना दाब अजिबात नाही. दातांत कीस अडकला तर तो जॉबवर ओरखडे पाडतो, म्हणून कानशीला खडू चोळतात आणि तारेच्या ब्रशने अधूनमधून साफ करतात. मुठीशिवाय कानस मात्र कधीही उचलू नका. मागचं टोक तळहातात घुसतं.

मापाचं तंत्र याच काळात पक्कं करा. नेहमीचा व्हर्नियर ०.०२ मिमीपर्यंत वाचता येतो, मायक्रोमीटर ०.०१ मिमीपर्यंत. मायक्रोमीटरच्या स्क्रूचा पिच अर्धा मिमी आणि थिंबलवर (फिरवायच्या नळीवर) ५० भाग, त्यामुळे एक भाग म्हणजे एक शतांश मिमी. हे गणित सगळ्यांना येतं. येत नाही ती पकड. थिंबल जोरात आवळली की माप हवं तसं येतं, पण ते जॉबचं माप नसतं. रॅचेटवरच, म्हणजे ठरावीक दाबाला घसरणाऱ्या टोकाच्या मुठीवरच, फिरवा, आणि मापायच्या आधी शून्य तपासायची सवय लावून घ्या.

गरम जॉबही असाच फसवतो. मोजमापाचं जगभर मान्य तापमान २० अंश सेल्सिअस आहे. पोलाद दर मीटरला दर अंशाला साधारण ११ ते १२ मायक्रॉन (मिमीचे हजारावे भाग) वाढतं, म्हणजे १०० मिमीचा तुकडा दहा अंशांनी तापला तर शतांश मिमीहून थोडा जास्तच फुगतो. एवढ्याशाने काय होतं? ड्रॉइंगवर २५ एच७ (२५ मिमीचं भोक आणि त्याच्या मापातली मुभा सांगणारी खूण) लिहिलं असेल तर सगळी मुभा २१ मायक्रॉनची असते. २५ ऐवजी १०० मिमीचं भोक असेल तर मुभा ३५ मायक्रॉन, आणि त्यातला जवळपास तिसरा हिस्सा नुसत्या तापण्याने गेलेला. फिनिश कट मारल्या मारल्या माप घेणाऱ्याला जुने लोक थांबवतात ते यासाठीच.

स्लिप गेज, म्हणजे अचूक मापाचे ठोकळे, हातात आले की ते आदराने हाताळा. स्वीडनमधल्या एस्किलस्टुना इथल्या रायफल कारखान्यात काम करणाऱ्या कार्ल एडवर्ड योहान्सन यांनी १८९६ च्या सुमारास ही कल्पना काढली: थोड्याशा ठोकळ्यांतून जोड्या लावून हजारो मापं तयार करायची. दोन स्वच्छ स्लिप एकमेकींवर सरकवत दाबल्या की त्या चिकटून बसतात. साइन बारवर (एक टोक उचलून कोन साधायच्या पट्टीवर) कोन लावताना त्या रोज लागतात. १०० मिमीच्या साइन बारखाली ५० मिमीची उंची दिली की ३० अंश झाले.

लेथवर पहिले दिवस तीन जबड्यांच्या चकवर (जॉब पकडणाऱ्या भागावर) जातात, पण आग्रह धरा तो चार जबड्यांच्या चकचा. त्यात जबडे सुटेसुटे हलतात, त्यामुळे जॉब मध्यावर आणणं हे तुमच्या हातात असतं. डायल (काट्याचं मापयंत्र) लावून चक हाताने फिरवा. समोरासमोरच्या दोन जबड्यांपाशी काटा काय दाखवतो ते बघा. समजा फरक ०.४० मिमी आला, तर जॉब सरकवायचा त्याच्या निम्मा, ०.२०. आधी एका बाजूचा जबडा थोडा सैल, मग समोरचा तेवढाच घट्ट. एक जोडी लागली की दुसरी, आणि शेवटी पुन्हा पहिली. नवे लोक चारही जबडे एकदम छेडतात आणि तासभर काट्यामागे पळत राहतात. इथेही क्रमच आहे.

स्पीडचं सूत्र पाठच करा. कटिंग स्पीड मीटरमध्ये घ्या, हजाराने गुणा, पाय (π) आणि व्यास यांच्या गुणाकाराने भागा. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने माइल्ड स्टील मिनिटाला २५ मीटरने कापायचं असेल आणि व्यास २० मिमी असेल तर सुमारे ४०० आरपीएम (मिनिटाला फेरे) येतात. कार्बाइडच्या टूलला याच्या कितीतरी पट जास्त चालतं. पुढे टूलचा आवाज आणि कीसाचा रंग बघून अंदाज येतो, पण तोवर गणितच बरं. हँडव्हील एकाच दिशेने मापावर आणा. पुढे गेलात तर नुसतं मागे वळवून भागत नाही, चांगलं मागे नेऊन पुन्हा पुढे यावं लागतं, नाहीतर स्क्रूमधला ढिलेपणा मापात येतो. जुन्या मिलिंग मशीनवर क्लाइंब मिलिंग (कटर फिरतो त्याच दिशेने जॉब सरकवणं) करू नका म्हणतात तेही या ढिलेपणामुळेच: कटर जॉबला आपल्याकडे ओढून घेतो.

आता या धंद्याच्या गाभ्याकडे. एक साधी ब्लँकिंग डाय प्लेट घ्या, म्हणजे पत्र्यातून तुकडा कापणाऱ्या टूलची खालची प्लेट. पोलाद तेलात कडक होणारं. ड्रॉइंगवर सगळं एकत्र दिसतं: बाहेरचं माप, डायचं तोंड, स्क्रूची आट्याची भोकं, डॉवेलची (जागा पक्की करणाऱ्या पिनांची) भोकं. करताना मात्र ते तुम्हाला सुटं करावं लागतं. आधी सहा बाजू मिलिंग करून गुण्यात आणायच्या, आणि जिथे पुढे ग्राइंडिंग होणार त्या बाजूंवर ०.२ ते ०.३ मिमी माल ठेवायचा. आटे आताच पाडायचे, कारण कडक पोलादात टॅप चालत नाही. एम८ साठी ६.८ चं ड्रिल, एम१० साठी ८.५ चं. डायचं तोंड वायरकटवर (विजेच्या ठिणग्यांनी तारेने कापणाऱ्या मशीनवर) करणार असाल तर वायर घालायचं छोटं भोकही आताच मारायचं. जॉब नंबर ठोकायचा तोही आताच. सगळ्या कडा मारून घ्यायच्या, आतल्या टोकदार कोपऱ्यांना जमेल तिथे गोलाई द्यायची, कारण तडा तिथूनच जातो.

मग कडक करणं. ओ१ जातीचं पोलाद साधारण ८०० अंशांवर तापवून तेलात विझवतात, डी२ ला हजाराच्या वर जावं लागतं. तेलातून काढलेली प्लेट हाताला कोमट लागते तेव्हाच टेंपरिंगला, म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा बेताने तापवायला, टाकायची. उद्या बघू म्हणून टेबलावर ठेवलेली प्लेट रात्रीत तडकू शकते. टेंपरिंगनंतर कडकपणा रॉकवेल सी ६० च्या आसपास राहतो. प्लेट थोडी वाकलेली असते, ठेवलेला माल त्यासाठीच. आता ग्राइंडिंग, त्यानंतर वायरकट, आणि ग्राइंड केलेल्या बाजूंवरूनच शून्य. यातली एक पायरी जरी उलटी झाली तर बाकी सगळं काम मापात असूनही प्लेट भंगारात जाते.

म्हणून माझा आग्रह असतो की शिकाऊ मुलाने किंवा मुलीने मशीन सुरू करण्याआधी कागदावर क्रम लिहावा. दहा-बारा ओळी पुरतात. प्रत्येक ओळीपुढे जॉब कुठे धरणार आणि माप कुठून घेणार हेही लिहावं. मग तो कागद एखाद्या अनुभवी माणसाला दाखवावा. ते बहुधा एखादी ओळ खोडून वरखाली करतील. का, ते विचारा. या धंद्यातलं सर्वांत मोलाचं शिक्षण त्या खोडण्यात मिळतं, आणि न विचारता ते कुणी आपणहून देत नाही.

टूल तयार झालं की प्रेसवर ट्रायआउट, म्हणजे चाचणी. हा भाग चुकवू नका, शिफ्ट संपली असली तरी थांबा. कापलेल्या तुकड्याची कड भिंगातून बघा. वर थोडी गोलाई, त्याखाली चकचकीत पट्टा, त्याखाली खरखरीत तुटलेला भाग आणि शेवटी बर. पंच (वरून पत्र्यात घुसणारा भाग) आणि डायमधलं अंतर प्रत्येक बाजूला पत्र्याच्या जाडीच्या साधारण ५ ते १० टक्के ठेवतात, धातूप्रमाणे कमीजास्त. अंतर फार कमी असेल तर कडेवर दुसरा चकचकीत पट्टा दिसतो. जास्त असेल तर गोलाई वाढते आणि बर मोठा येतो. पंचाची धार गेली असेल तर कापून पडलेल्या तुकड्याला बर येतो, डायची गेली असेल तर पट्टीतल्या भोकाला. आणि कुठलं माप कुणाला द्यायचं हे कायमचं डोक्यात ठेवा: तुकडा हवा असेल तर डाय मापाची आणि पंच लहान, भोक हवं असेल तर पंच मापाचा आणि डाय मोठी.

सीएनसीबद्दल थोडक्यात. प्रोग्रॅम शिकणं अवघड नाही. मशीनला आपलं शून्य कुठे आहे ते सांगणं आणि टूल ऑफसेट (प्रत्येक टूलच्या मापाची नोंद) बरोबर भरणं, यातच बहुतेक धडका होतात. पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रॅमची एकेक ओळ थांबत), फीड कमी करून, हात स्टॉपच्या बटणाशी ठेवून चालवा. कुणी हसलं तर हसू दे.

जिवाचं आधी. चकची चावी हात सोडताक्षणी चकमधून बाहेर. फिरत्या जॉबजवळ हातमोजे नाहीत, लांब बाह्या नाहीत, मोकळे केस नाहीत. कीस हुकने काढा, बोटाने नाही. ग्राइंडिंग व्हील बसवण्याआधी हलकं ठोकून आवाज ऐका: खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर ते व्हील लावायचं नाही.

शिकायला जागा निवडताना पगार आणि इमारत याआधी एक गोष्ट विचारा: शिकाऊंना सगळ्या विभागांतून फिरवतात का? काही ठिकाणी एकाच मशीनवर उत्पादनाला उभं करतात. वर्षभराने हात वेगवान होतो, डोकं तिथेच राहतं. ग्राइंडिंग, असेंब्ली आणि ट्रायआउट बघायला मिळत असेल तर जुनी मशीनं असली तरी ती जागा चांगली.

स्वतःची हत्यारं हळूहळू जमवा. १५० मिमीची स्टीलपट्टी, छोटा गुण्या, व्हर्नियर, ० ते २५ चा मायक्रोमीटर, एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. मायक्रोमीटर स्वस्तातला घेऊ नका. लिव्हर डायल दुसऱ्या वर्षी घ्या, आणि त्याच्याबरोबर मॅग्नेटिक स्टँड भक्कम घ्या, कारण हलणाऱ्या स्टँडवर कितीही चांगला डायल चुकीचंच माप दाखवतो.