कॉर्न स्नेकचा मॉर्फ ओळखताना: आधी डोळा, मग रंग, शेवटी पोट

कॉर्न स्नेक या पाळल्या जाणाऱ्या सापाचा मॉर्फ, म्हणजे जनुकांमुळे येणारा रंग-नक्षीचा प्रकार, ओळखायला बसलेला नवखा सर्पपालक बहुधा रंगाच्या नावापासून सुरुवात करतो आणि तिथेच फसतो. केशरी दिसला म्हणजे काळा रंग नसलेला अ‍ॅमेल आणि करडा दिसला म्हणजे लाल रंग नसलेला अनेरी, असा हिशेब मांडून चालत नाही. कारण या सापाचा रंग वयानुसार, कात टाकण्याच्या दिवसांनुसार आणि समोरच्या दिव्यानुसारही बदलता दिसतो. त्यामुळे ‘हा कोणत्या रंगाचा आहे’ यापेक्षा ‘याच्यात काय नाही’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा ठरतो.

त्यासाठी मूळ रूप डोळ्यांत पक्के बसलेले हवे. कॉर्न स्नेक, शास्त्रीय नाव पँथेरोफिस गटॅटस, हा साप अमेरिकेच्या आग्नेय भागात, न्यू जर्सीपासून फ्लोरिडापर्यंत आढळतो. त्याची जमीन, म्हणजे पाठीचा मूळ रंग, नारिंगी ते करडट तपकिरी असते. तिच्यावर तांबूस खोगिरांची, म्हणजे खोगिराच्या आकाराच्या डागांची, रांग, प्रत्येक खोगिराला काळी किनार आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन असतात. डोळ्याची बाहुली काळी असते. पुढचा प्रत्येक निष्कर्ष या रूपाशी ताडून काढायचा आहे.

पाहणी दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी आणि पांढऱ्या कागदावर करावी. पिवळ्या बल्बखाली अनेरीसुद्धा तपकिरी दिसतो, आणि टेरॅरियममधल्या उष्णतेच्या लाल दिव्याखाली तर काहीच खरे दिसत नाही. डोळे दुधाळ झाले असतील तर कात पडेपर्यंत थांबावे, कारण त्या दिवसांत अंगावर मळकट साय आल्यासारखी दिसते.

पहिली नजर डोळ्याकडे जावी. बाहुली लाल किंवा गुलाबी असेल, अंगावर काळ्याचा लवलेश नसेल आणि खोगिरांची किनार काळीऐवजी पांढरी असेल, तर अ‍ॅमेल जनुकाच्या दोन्ही प्रती उपस्थित आहेत असे बहुतेक वेळा धरता येते. या सापात मेलॅनिन, म्हणजे काळे रंगद्रव्य, तयार होत नाही. त्यामागे ओसीए2 या जनुकातला बिघाड असल्याचे जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी 2015 मध्ये दाखवले. आपल्याकडे अधूनमधून पांढरा नाग सापडल्याच्या बातम्या येतात, त्यामुळे ‘अल्बिनो’ म्हटले की पांढरा साप अशी आपली समजूत असते. कॉर्न स्नेकमध्ये मात्र काळा गेला तरी लाल आणि पिवळा शिल्लक राहतात, म्हणून अ‍ॅमेल लालभडक किंवा संत्र्यासारखा दिसतो. पांढऱ्या जमिनीवर लाल खोगिरे असलेला ‘कँडी केन’ आणि रुंद पांढऱ्या किनारीचा ‘रिव्हर्स ओकीटी’ हे स्वतंत्र जनुकांचे नव्हेत, तर निवडून वाढवलेल्या अ‍ॅमेलचेच प्रकार आहेत. बाहुली गर्द माणकासारखी आणि अंग फिकट अ‍ॅमेलसारखे असेल, तर अल्ट्रामेलचा विचार करावा. अल्ट्रा हे अ‍ॅमेलच्याच जागेवरचे पर्यायी जनुकरूप, म्हणजे त्याच जनुकाचा दुसरा प्रकार, आहे.

डोळा काळा, पण अंगावर लाल मुळीच नाही, अशा वेळी अनेरी, चारकोल आणि कॅरमेल यांचा गुंता सुरू होतो. अनेरी करडा-काळा-तपकिरी असतो आणि वाढत्या वयात त्याच्या गळ्याशी व हनुवटीखाली पिवळटपणा उमटतो. चारकोलमध्ये हा पिवळा बहुतेक दिसत नाही. कॅरमेल मोठेपणी पिवळसर टॅन होतो, पण पिल्लूपणी जवळजवळ अनेरीसारखाच दिसतो. माझ्या हातात एकदा ‘कॅरमेल’ म्हणून आलेले पिल्लू वर्षभर वाट पाहूनही करडेच राहिले. गळ्याखाली पिवळी रेघ उमटली तेव्हा ते साधे अनेरी असल्याचे लक्षात आले. विक्रेत्याने फसवले असे मी म्हणणार नाही, त्या वयात त्यालाही ओळखता आले नसावे. म्हणूनच दोन-तीन काती पडण्याआधी या तिघांपैकी एकाचेही नाव छातीठोकपणे घेऊ नये.

हायपो हा त्याहून निसरडा प्रकार आहे. त्यात काळा कमी होतो, पण नाहीसा होत नाही. किनारी बारीक होतात, पोटाचे चौकोन फिकट होतात आणि डोळा काळाच राहतो. काळा कमी करणारी जनुके एकाहून अधिक आहेत, हायपो, सनकिस्ड, लाव्हा वगैरे, आणि नुसत्या नजरेने त्यांच्यात भेद करण्याचा दावा करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. लॅव्हेंडर मात्र एकदा पाहिला की लक्षात राहतो: फिकट जांभळट करडे अंग आणि उजेडात डाळिंबी झाक दाखवणारी बाहुली.

रंगाचे नाव ठरले तरी नक्षीचे स्वतंत्र पाहावे, कारण रंग आणि नक्षी यांची जनुके वेगवेगळी असतात आणि एकाच सापात दोन्ही असू शकतात. सापाला हळूच उचलून पोट पाहावे. चौकोन नाहीत, पाठीवरची खोगिरे एकमेकांना जोडली जाऊन मध्ये जमिनीचे गोल ठिपके उरले आहेत, तर तो मोटली. त्याच जागेवरच्या दुसऱ्या जनुकरूपाने अंगभर लांब रेषा आल्या तर तो स्ट्राइप. चौकोन नाहीत, पण खोगिरे आपापल्या जागी असून बाजूंना ओल्या शाईसारखी पसरलेली आहेत, तर तो डिफ्यूज्ड, ज्याला पुष्कळ जण ब्लडरेड म्हणतात. टेसेरामध्ये पाठीवर बारीक रेषा असते आणि बाजू फरशीच्या तुकड्यांसारख्या भरलेल्या असतात. हा गुणधर्म प्रभावी असल्याने तो दिसण्यासाठी एकच प्रत पुरते.

जोडनावे यानंतर आपोआप सुटतात. अ‍ॅमेल आणि अनेरी एकत्र आले की स्नो, अ‍ॅमेल आणि चारकोलपासून ब्लिझर्ड, हायपो आणि अनेरीपासून घोस्ट, अ‍ॅमेल आणि कॅरमेलपासून बटर, अ‍ॅमेल आणि लॅव्हेंडरपासून ओपल. स्नो व ब्लिझर्ड नुसते पाहून वेगळे काढणे कठीण असते. मोठ्या स्नोच्या गळ्याखालचा पिवळा हाच काय तो आधार.

इथून पुढे डोळ्यांचे काम संपते आणि वंशावळीचे सुरू होते. बहुतेक मॉर्फ अप्रभावी आहेत, म्हणजे जनुकाची एकच प्रत बाळगणारा ‘हेट’ साप अगदी साधा दिसतो. अ‍ॅमेलचे दोन हेट जोडले तर सरासरी चारांतले एक पिल्लू अ‍ॅमेल निघते. अ‍ॅमेल आणि अनेरी अशा दोन्हींचे हेट जोडले तर स्नो सरासरी सोळांतले एक. पहिल्या जोडीतल्या साध्या दिसणाऱ्या पिल्लांपैकी दोन-तृतीयांश हेट असतात, पण नेमकी कोणती हे कळत नाही, आणि विक्रीच्या पाटीवर दिसणारा ‘66 टक्के हेट’ हा शब्दप्रयोग तिथून आला आहे. तो शक्यतेचा आकडा आहे. त्या पिल्लात अर्धवट काही आहे, असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

डब्यावरची चिठ्ठी त्यामुळे तीन भागांत लिहावी: जे दिसले ते, जे आई-बापांवरून नक्की झाले ते, आणि जे केवळ शक्य आहे ते. ‘अनेरी मोटली, हेट अ‍ॅमेल, 66 टक्के शक्य हेट हायपो’ ही नोंद, शेजारी पाहणीची तारीख आणि सापाचे वय लिहिलेले असेल, तर पुढच्या वर्षी तोच साप पुन्हा कागदावर ठेवून ती पेन्सिलीने दुरुस्त करता येते.