फ्लेक्सवरची सोनेरी अक्षरं आणि माझा घोळ

बारावीनंतर कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका फ्लेक्सच्या दुकानात कामाला लागलो तेव्हा फोटोशॉप म्हणजे फोटो गोरा करायचा एवढंच मला माहीत. पहिल्याच आठवड्यात तालमीची पोरं आली, 'नाद खुळा' सोनेरी अक्षरात पाहिजे म्हणाली, मग काय, दिसंल तो इफेक्ट लावला. बेव्हल (उठावदार कडा), ग्लो (चकाकी), शॅडो, वरनं ग्रेडियंट (एकातनं दुसऱ्यात मिसळणारे रंग). स्क्रीनवर लई भारी दिसत होतं, पण चौकात बोर्ड लागल्यावर लांबनं नुसता पिवळा ढिगारा. पोरांनी आठवडाभर चेष्टा केली.

तर नवीन शिकणाऱ्यांनो, इफेक्टच्या आधी अक्षर बघा. जाड, मोकळ्या पोटाचा, म्हणजे अक्षरातली पोकळी मोठी असलेला फॉन्ट घ्या, बलू किंवा मुक्ता फुकट मिळतात आणि युनिकोड आहेत, म्हणजे मराठी नेहमीच्या कीबोर्डनं टाइप होतं. जोडाक्षरं तुटली, वेलांटी भलतीकडं गेली तर, फोटोशॉप जुनं असेल तर, प्रेफरन्सेसमधल्या टाइपमधे वर्ल्ड-रेडी लेआउट निवडायचं आणि नवीन फाइल उघडायची, मी दोन दिवस कीबोर्डला शिव्या घालत बसलेलो. आणि ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवू नका! इंग्रजीत अक्षरं एकमेकांपासून लांब केली की छान दिसतं म्हणून मी मराठीतपण केलं, शिरोरेघेचे तुकडे झाले, मालक म्हणाले "दात पडल्यासारखं दिसतंय रे."

आता सोनं. ग्रेडियंट ओव्हरलेत गडद तपकिरी, पिवळा, जवळजवळ पांढरा, परत तपकिरी, असे पट्टे ठेवा. बेव्हलमधे चिझल हार्ड निवडलं की कडा धातूसारखी येते. स्ट्रोक, म्हणजे अक्षराभोवतीची रेघ, बाहेरून जाड केला की कोपरे गोल होतात आणि अनुस्वार, 'भ'ची गाठ बुजते, त्यामुळं तो बेतानंच.

दुकानात एक जुने पेंटर चहाला यायचे, ब्रशनं बोर्ड रंगवलेले, चित्रकार आणि सिनेमावाले बाबूराव पेंटर यांच्या गावात असली माणसं अजून आहेत. माझी फाइल बघून त्यांनी एकच विचारलं, "बाळा, सूर्य कुठं हाय तुझा?" बेव्हलचा उजेड डावीकडनं आणि सावलीपण डावीकडंच पडलेली! तेव्हापासून युज ग्लोबल लाइटची टिक काढत नाही, एकच कोन सगळ्या इफेक्टला लागतो.

साइझचं गणित मात्र कुणी सांगत नाही. दहा बाय दहा फुटाचा बोर्ड ७२ रिझोल्यूशनला, म्हणजे इंचाला ७२ पिक्सेल धरून, एकेका बाजूला ८६४० पिक्सेल होतो, त्यात आमचा जुना पीसी गुदमरतो, म्हणून छोट्या फाइलवर काम करायचं आणि नंतर मोठी करायची. पण टेक्स्ट ट्रान्सफॉर्म करून मोठं केलं की स्टाइलचे, म्हणजे इफेक्टचे, आकडे आहे तेवढेच राहतात, १० पिक्सेलचा स्ट्रोक १०च, अक्षर उघडं पडतं. लेयर स्टाइलमधलं स्केल इफेक्ट्स वापरा, नाहीतर इमेज साइझमधे स्केल स्टाइल्सची टिक बघा. रंगाचं म्हणाल तर आरजीबीतला (स्क्रीनच्या रंगातला) चमकता केशरी सीएमवायकेत (छपाईच्या शाईत) मळकट होतो, म्हणून आधी छोटी पट्टी छापून बघा.

प्रिंटला टाकायच्या आधी मी आजपण फाइल झूम आउट करतो, दुकानाच्या दारात जाऊन उभा राहतो आणि तिथनं वाचता येतंय का बघतो. मालक दरवेळी विचारतात, "चहाला चाललास काय?"