कारखान्यातील कामगारांचा हरवलेला हुरूप परत आणताना

पन्नास-साठ माणसांच्या इंजिनिअरिंग कारखान्यात उत्पादन घसरू लागले, सोमवारचे खाडे वाढले आणि जुने ऑपरेटर थोड्याशा वाढीव पगारासाठी शेजारच्या प्लॉटवर जाऊ लागले, की बहुतेक मालक एखादे प्रेरणादायी व्याख्यान ठेवतात किंवा सहल काढतात. माझ्या मते ही सुरुवातच उलटी आहे. हुरूप कशाने जातो आहे, हे आधी शोधावे.

त्यासाठी तक्रारपेटीवर विसंबू नये, कारण चिठ्ठीवरचे अक्षर ओळखू येते हे प्रत्येक कामगाराला ठाऊक असते. त्याऐवजी एक संपूर्ण पाळी एकाच मशीनजवळ बसून काढावी आणि काम कुठे, किती वेळ आणि कोणासाठी अडते एवढेच वहीत लिहावे. एका कारखान्यात मी असा बसलो असताना सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या) मशीनच्या ऑपरेटरचे इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारे बदलते पाते, तुटले. नवे मिळण्यासाठी सुपरवायझरची सही हवी होती, सुपरवायझर मीटिंगमध्ये होते आणि सही मिळेपर्यंत स्टोअरकीपर जेवायला गेला होता. मशीन चाळीस मिनिटे बंद राहिले. पाळी सुटताना फळ्यावर त्या ऑपरेटरच्या नावापुढे कमी उत्पादनाचा आकडा लाल खडूने लिहिलेला होता. तो काही बोलला नाही. हात पुसले, कार्ड पंच केले आणि निघून गेला. हेच महिनोन्‌महिने घडत राहिले, तर कोणत्याही व्याख्यानाने त्याचे मन कामात परत येणार नाही. तिथे आम्ही दोनच बदल केले: पाळीपुरती इन्सर्ट मशीनच्या खणात ठेवली आणि फळ्यावर आकड्याशेजारी मशीन बंद राहण्याचे कारण लिहिण्यासाठी रकाना आखला.

पैशांचा व्यवहार स्वच्छ असावा. पगाराची तारीख चुकू नये आणि कापलेल्या प्रत्येक रकमेचे कारण पगारपत्रकावर वाचता यावे. ओव्हरटाइमचा दुप्पट दर आणि पात्र कामगाराला मिळणारा किमान ८.३३ टक्के बोनस हे कायद्याने दिलेले हक्क आहेत. ते उपकाराच्या भाषेत जाहीर केले, तर माणूस दुखावतो. मात्र पैशांची तक्रार मिटली म्हणजे उत्साह आला, असेही नव्हे. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडले होते, की पगार, नियम आणि देखरेख यांतील त्रुटींमुळे असमाधान निर्माण होते. परंतु कामाची ओढ ही प्रत्यक्ष काम, त्यातील यश, मिळणारी दाद आणि जबाबदारी यांतून येते. या सिद्धांतावर पुढे बरीच टीका झाली, तरी शॉप फ्लोअरवर मला तो पुष्कळ अंशी खरा वाटत आला आहे.

कायम आणि कंत्राटी कामगारांमध्ये केलेला भेद तर फार खोलवर लागतो. एकाच लाईनवर, एकच जॉब करणाऱ्या दोघांपैकी एकाला दिवाळीला मिठाईचा मोठा डबा आणि दुसऱ्याला छोटा पुडा मिळाला, तर तो पुडा घरी नेताना माणसाला काय वाटत असेल, याचा विचार व्यवस्थापनाने करायलाच हवा. हा भेद मिटवायला फारसा खर्चही येत नाही.

सुपरवायझर हा बहुधा कालचा उत्तम ऑपरेटर असतो. माणसे कशी सांभाळावीत हे त्याला कोणी शिकवलेले नसते, म्हणून ते आपणच शिकवावे. चूक बाजूला घेऊन सांगावी, दाद मात्र चारचौघांत द्यावी आणि ती नेमकी असावी. ‘छान काम केले’ म्हणण्यापेक्षा ‘तुम्ही बोअरचे माप वेळीच पुन्हा तपासले, म्हणून पूर्ण लॉट रिजेक्शनमधून वाचला’ असे म्हटल्यावर आपल्या कामाकडे कोणाचे तरी लक्ष आहे, हे ऐकणाऱ्याला कळते. अनुभवी माणसाकडे नव्या मुलांना शिकवण्याचे काम सोपवावे आणि त्यासाठी त्याच्या उत्पादनाच्या अपेक्षेत तेवढी सूटही द्यावी. नाहीतर तो सन्मान न राहता नुसता वाढीव बोजा होतो.

दोन महिन्यांनी पुन्हा त्याच मशीनजवळ एक पाळी बसावे आणि जुनी वही सोबत ठेवावी. ऑपरेटरने आपणहून फिक्स्चरमधला (मशीनवर भाग घट्ट धरून ठेवणाऱ्या साधनातला) दोष दाखवला, तर त्याची पाळी सुटण्यापूर्वी मेंटेनन्सच्या माणसाला बोलावून घ्यावे आणि तो दोष ऑपरेटरच्याच तोंडून त्याला समजावून सांगू द्यावा.