संमतीपत्र मावशींना वाचून दाखवलं तेव्हा

विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीचं, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाचे प्रस्ताव तपासणाऱ्या समितीचं, काम बघायला लागले तेव्हा एक गोष्ट फार छळायची. प्रस्ताव चांगला, पण सहभागी होणाऱ्यांची सही घ्यायचं मराठी संमतीपत्र वाचून काही कळत नसे. 'यादृच्छिक पद्धतीने गटविभाजन', 'सहभाग ऐच्छिक आहे'. सभेत त्यावरच वेळ जायचा आणि प्रस्ताव परत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सहभागी व्यक्तीला समजेल अशी भाषा हवी हे स्पष्ट आहे. भाषांतराचं प्रमाणपत्र जोडलं की ते पूर्ण झालं, असं आम्ही धरून चाललो होतो.

एकदा आमच्या ऑफिसातल्या मावशींना एक संमतीपत्र वाचून दाखवलं आणि विचारलं, "काय कळलं?" त्या म्हणाल्या, "सही करायची, एवढंच." मला फार लागलं ते.

मग नियमच केला. प्रस्ताव सभेपुढे येण्याआधी संशोधकाने संमतीपत्र वैद्यकीय क्षेत्राबाहेरच्या दोघांना वाचून दाखवायचं आणि ते काय समजले हे त्यांच्याच शब्दांत लिहून जोडायचं. '५ मिली रक्त' शेजारी 'साधारण एक चहाचा चमचा' आलं. गटविभाजनाचं 'कोणता उपचार मिळेल हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल' झालं. सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आम्ही पहिल्या पानावर आणलं: 'तुम्ही नाही म्हणालात तरी इथले उपचार आहेत तसेच चालू राहतील.'

संशोधकांचे एक-दोन मार्गदर्शक चिडले, उशीर होतो म्हणाले. पण भाषेसाठी परत जाणारे प्रस्ताव जवळजवळ थांबले. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी निःपक्ष साक्षीदाराची सही लागते, ती जागाही आता रिकामी येत नाही.