प्रतिजैविकांनंतर योनीमार्गासाठी प्रोबायोटिक घेताना

प्रतिजैविके रोगजंतूंबरोबर योनीमार्गातील उपयुक्त लॅक्टोबॅसिलस जिवाणूंनाही मारू शकतात. हे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करून तेथील पीएच (आम्लतेचे माप) साधारण ३.८ ते ४.५ राखत असल्याने, त्यांची संख्या घटली की कँडिडा ही बुरशी फोफावू शकते.

प्रोबायोटिक, म्हणजे उपयुक्त जिवंत जिवाणू असलेले उत्पादन, घ्यायचेच असेल, तर वेष्टनावर केवळ ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिलेले पुरेसे मानू नये. प्रजाती आणि उपप्रकार दोन्ही पाहावेत, कारण पोटासाठी उपयोगी ठरलेला प्रत्येक जिवाणू योनीमार्गात टिकतोच असे नाही. तोंडावाटे घेण्यासाठी ऱ्हॅम्नोसस जीआर-१ आणि रॉयटेरी आरसी-१४ (प्रजातीचे नाव आणि पुढे उपप्रकार) या जोडीचा बराच अभ्यास झाला आहे. पुरावा मात्र संमिश्र आहे, आणि जाहिरातींचा सूर त्यापेक्षा फारच चढा असतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, मेट्रोनिडॅझोल या प्रतिजैविकाच्या उपचारानंतर योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस जिवाणू सोडलेल्या स्त्रियांपैकी ३० टक्क्यांना, तर निष्क्रिय औषध दिलेल्यांपैकी ४५ टक्क्यांना बारा आठवड्यांत जिवाणूजन्य योनीदाह (उपयुक्त जिवाणू घटून इतर जिवाणू वाढल्याने होणारा विकार) पुन्हा झाला.

प्रतिजैविक चालू असतानाच सुरुवात केल्यास दोन्हींमध्ये किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. तोंडावाटे घ्यायची कॅप्सूल योनीमार्गात ठेवू नये, दही लावू नये आणि आतून धुणे तर कटाक्षाने टाळावे.

खाजेसह दह्याच्या चोथ्यासारखा घट्ट स्राव किंवा माशासारखा वास येणारा पातळ, करडा स्राव दिसल्यास तपासणी करून घ्यावी. तेथे प्रोबायोटिक हा औषधाला पर्याय नाही. गर्भवती आणि रोगप्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या स्त्रियांनी सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारावे.